मास्टरांनी पहिल्या रांगेत मांडलेली खुर्ची

कतारच्या उत्तर टोकाचं मदिनत अश शमाल गाव संपलं की समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या कंपनीचा कॅम्प लागतो. फुटपाथ, पार्किंगच्या फरश्या, दुभाजक असली कामं करणारी माणसं तिथे राहतात आणि त्यांची सोय बघणं हे माझं काम. या कामाला इथे कॅम्प बॉस म्हणतात. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात कुणाचा एसी गळतोय, कुणाची गादी फाटलीय, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, हे दिवसभर ऐकायचं आणि त्यातलं जमेल तेवढं मार्गी लावायचं. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, खाडीकाठच्या गावचा. बी.कॉम. झाल्यावर गावातले निम्मे लोक जिथे गेले होते तिथे मीही आलो आणि राहिलो.

शुक्रवारी जुम्याची नमाज आणि जेवणं आटोपली की कॅम्पच्या मेसमध्ये पिक्चर लावायचा अशी आमची पद्धत आहे. मेस म्हणजे जेवणाचा हॉल. खिडक्यांना जुन्या चादरी बांधायच्या, टेबलं भिंतीला सरकवायची आणि मोठ्या टीव्हीसमोर बसायचं. भाषांच्या पाळ्या ठरलेल्या. एका शुक्रवारी मल्याळम, मग हिंदी, मग नेपाळी, मग तमिळ. कुठल्या भाषेचा पिक्चर आहे यावरून कुणी उठून जात नाही. शुक्रवारी बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि मेसमध्ये गारवा असतो.

त्या महिन्यात तमिळ लोकांची पाळी आली तेव्हा फरशी बसवणारा एक मिस्त्री माझ्या खोलीशी आला. हा माणूस कधी काही मागायचा नाही. एसी बंद पडला तरी शेजारचा येऊन सांगायचा. तो दारात उभा राहून म्हणाला, "भाय, या वेळचा पिक्चर मी सांगू?" तमिळ लोक मुसलमान माणसाला 'भाय' म्हणतात. तसा मी तिथल्या सगळ्यांचा भाय होतो. आमचं बोलणं गल्फमधल्या मोडक्या हिंदीत व्हायचं.

मी विचारलं, "कसला आहे?"

"गावातल्या एका मुलीचा. ती खालच्या जातीच्या मुलाशी लग्न करायचं म्हणते. घरचेच मारून टाकतात." मग म्हणाला, "आमच्या बाजूचंच गाव आहे असं वाटतं. चांगला केलाय."

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोरमन आला. हाही तमिळ, पण मिस्त्रीच्या जातीचा नव्हे. गावात जमिनी असलेल्या, दबदबा असलेल्या जातीचा. कामाला चोख माणूस, साइटवर त्याच्या शब्दाला वजन होतं. तो खुर्चीवर बसला आणि शांतपणे म्हणाला, "तो पिक्चर लावू नका."

"का?"

"आमच्या लोकांची बदनामी आहे त्यात. गावाकडे आमच्या लोकांनी तो थेटरात लागू दिला नाही. इथे लावलात तर माझी पोरं गप्प बसतील असं मी सांगू शकत नाही. तुम्ही भले माणूस आहात, भाय. उगाच कटकट कशाला?"

त्यात धमकी नव्हती असं म्हणता येणार नाही. कॅम्पमध्ये हाणामारी झाली की पोलीस येतात, मग कंपनीचे लोक येतात, आणि मग दोन-चार माणसं घरी पाठवली जातात. ती बहुतेक वेळा मार खाल्लेलीच असतात. हे मी पाहिलं होतं. एखादा विनोदी पिक्चर लावून टाकावा, मिस्त्रीला नंतर समजवावं, असं माझ्या मनात यायला लागलं होतं. बघतो, असं फोरमनला सांगून मी चहा घ्यायला किचनकडे गेलो.

किचन मास्टरांच्या ताब्यात होतं. तमिळ लोक आचाऱ्याला मास्टर म्हणतात आणि आमच्या कॅम्पात बंगाली-नेपाळीसुद्धा त्यांना तसंच म्हणायचे. पन्नाशी उलटलेला सडसडीत माणूस, कानावरचे केस पांढरे, कपाळावर भस्माची पुसट पट्टी. ते फोरमनच्याच जातीचे आहेत एवढं मला माहीत होतं. फोरमन आणि त्याची माणसं मात्र मास्टरांशी कधी बोलत नसत. रांगेत यायचे, ताट पुढे करायचे, जायचे. जेवणाच्या चवीवरून कधीतरी बिनसलं असेल असं मी धरून चाललो होतो.

मास्टरांनी चहा गाळून माझ्यापुढे ठेवला आणि न विचारताच म्हणाले, "फोरमन आला होता ना?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं धुतलं, पिळलं, दांडीवर टाकलं.

"लावा," ते म्हणाले.

"मास्टर, तुम्ही पण त्यांच्यातलेच ना?"

"म्हणून तर सांगतोय. तुम्ही लावा. मी पुढे बसतो."

याचा अर्थ मला तेव्हा पुरता कळला नाही. पण बोलताना ते माझ्याकडे सरळ बघत होते आणि त्यांच्या आवाजात जराही चढउतार नव्हता. मी मिस्त्रीला निरोप दिला की पिक्चर ठरल्याप्रमाणे होईल.

शुक्रवारी मास्टरांनी बिर्याणी लवकर उरकली. जेवणं झाल्यावर ते खोलीत गेले आणि आंघोळ करून आले. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, नेसूला काठाची पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं तमिळ धोतर, कपाळावर ताजं भस्म. कॅम्पात त्यांना अशा वेषात कुणी पाहिलं नव्हतं. पोंगलच्या दिवशीसुद्धा ते ॲप्रन बांधून चुलीपाशीच असत. त्यांनी प्लास्टिकची एक खुर्ची उचलली आणि पहिल्या रांगेत, टीव्हीच्या बरोबर समोर मांडली. मग दुसरी आणून तिच्या शेजारी ठेवली. मागे वळून, भिंतीशी उभ्या असलेल्या मिस्त्रीला त्यांनी हाक मारली, "तंबी, इथे ये."

तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मिस्त्री जागचा हलला नाही. त्याने एकदा दाराकडे पाहिलं. तिथे फोरमन आणि त्याची माणसं येऊन उभी होती.

"ये," मास्टर पुन्हा म्हणाले. "पिक्चर तू सांगितलास. मागून काय दिसणार तुला?"

मिस्त्री आला आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. हॉलमधले तमिळ लोक एकदम गप्प झाले. आपल्यासमोर काय घडलं हे नेपाळ्यांना आणि बंगाल्यांना कळलं नसावं, पण तेही गप्प झाले. मी टीव्ही सुरू केला. फोरमनने बराच वेळ मास्टरांच्या पाठीकडे बघितलं. मग तो मागच्या भिंतीला टेकून खाली बसला, आणि तो बसला म्हणून त्याची माणसंही बसली.

पिक्चर पाहताना मी आधी हॉलवरच लक्ष ठेवून होतो. कुठे आवाज चढतोय का, कोण उठतंय का. पण थोड्या वेळाने मी खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचण्यात गुंतलो आणि माझं लक्ष हॉलवरून उडालं. मला वाटलं होतं भरपूर रक्त असेल, भाषणं असतील. तसलं काहीच नव्हतं. मुलीचा बाप विटांची भट्टी चालवणारा, गावाने मान द्यावा असा माणूस. मुलीला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा. कॉलेजला जाताना तिच्या सायकलची हवा स्वतः बघणारा. मुलगा पाण्याचा टँकर चालवायचा. दोघांचं प्रेम म्हणजे काय, तर टँकर थांबतो तिथे ती घागर घेऊन येते आणि दोघं पाण्याच्या आवाजात बोलतात, म्हणजे बाकीच्या बायकांना ऐकू जात नाही. इतकंच दाखवलं होतं आणि ते पुरेसं होतं.

मुलीला मारतात ते पडद्यावर दिसतच नाही. दिसते ती आई. घरातली पुरुष मंडळी मुलीला घेऊन बाहेर पडतात आणि आई स्वयंपाकघरात इडलीचं पीठ वाटत असते. तो दगडी ग्राइंडर घरघरत फिरतोय, तिचा हात कडेचं पीठ आत ढकलतोय, आणि तिला सगळं माहीत आहे. कितीतरी वेळ तो आवाज नुसता चालू राहतो. मग ती बटण बंद करते. त्यानंतरची शांतता मेसमध्ये अशी पसरली की एसीचा आवाज मला मोठा वाटायला लागला. माझ्या शेजारच्या नेपाळी सुताराने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

तेवढ्यात मागचं दार उघडलं, उन्हाचा पट्टा आत आला आणि फोरमन बाहेर गेला. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. बाकीचे बसून राहिले. मास्टरांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी कोर्टात ती आई साक्ष देते. वकील विचारतो, तुम्ही तेव्हा कुठे होता? ती म्हणते, घरी होते. मला माहीत होतं. एवढं बोलून ती नवऱ्याकडे बघते आणि तो पहिल्यांदा मान खाली घालतो. पिक्चर तिथे संपतो. मी आयुष्यात पुष्कळ पिक्चर बघितलेत, पण संपल्यावर टाळी वाजवावी की कुणाचा तरी हात धरावा हे कळू नये, असं माझं त्या एकदाच झालं. पिक्चर बनवणाऱ्यांनी कुठे आवाज वाढवला नव्हता आणि खोटी फुंकरही घातली नव्हती.

चादरी सोडल्या, उजेड आत आला. मिस्त्री मान खाली घालून बसला होता. मास्टर उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून तमिळमध्ये काहीतरी म्हणाले आणि वेष्टी सावरत किचनकडे गेले. संध्याकाळच्या चपात्यांची वेळ झाली होती. फोरमन पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा होता. मी जवळून गेलो तेव्हा तो म्हणाला, "खलास झाला?" मी हो म्हटलं. हाणामारी झाली नाही. रात्री तो नेहमीसारखा रांगेत आला आणि ताट पुढे केलं.

महिन्यातून एकदा मी आणि मास्टर गाडी घेऊन दोहाला अल मन्सूऱ्यात जात असू. कढीपत्ता, सुक्या मिरच्या, चिंच, हे सगळं त्यांना तिथल्याच एका दुकानातलं लागे. त्या पिक्चरनंतर आम्ही गेलो तेव्हा खरेदी आटोपून एका तमिळ हॉटेलात डोसा खायला बसलो. मास्टरांनी सांबार चाखून वाटी बाजूला सारली आणि चटणीवर काम भागवलं. तिथेच मी त्यांना विचारलं की फोरमन आणि त्याचे लोक तुमच्याशी का बोलत नाहीत.

"त्याचं गाव माझ्या गावापासून लांब नाही," ते म्हणाले. "त्याला माहीत आहे."

मग त्यांनी सांगितलं. मधूनमधून थांबत, डोशाचे तुकडे करत.

त्यांच्या मोठ्या भावाला एकच मुलगी. जिल्ह्याच्या गावी हॉस्टेलला राहून नर्सिंग शिकत होती. तिथेच एका लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा त्यांच्याच गावचा, पण गावाबाहेरच्या वस्तीतला, मिस्त्रीच्या जातीचा. घरी कळलं तेव्हा मास्टर सुट्टीवर गावीच होते. संध्याकाळी ओसरीवर भाऊबंद जमले. काय करायचं ते कुणी उघड बोललं नाही. नुसतं, असं चालायचं नाही, आणि उशीर नको, एवढंच. भाऊ भिंतीला टेकून बसला होता, त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मास्टरांना एकच काम दिलं. आजी आजारी आहे असं सांगून मुलीला हॉस्टेलमधून घेऊन यायचं. कतारचा काका म्हणून तिचा त्यांच्यावर जीव होता. ते गेले तर तिला संशय आला नसता.

"आणि तुम्ही गेलात?"

"गेलो. मी नाही म्हटलं असतं तर दुसरा कुणी गेला असता."

हॉस्टेलच्या जिन्यावरून ती हसत खाली आली. या वेळी खजूर आणलेत का, म्हणून विचारलं. आजीचं ऐकून रडायला लागली. दोघं स्टँडवर आले. गावची बस लागलेली होती, कंडक्टर गावाचं नाव घेऊन हाकारत होता. मुलीने पाय पायरीवर ठेवला.

"मी तिचा दंड धरला," मास्टर म्हणाले. "म्हटलं, ती बस नको."

त्यांनी तिला दुसऱ्या बसमध्ये बसवलं, मुलाला फोन करून बोलावून घेतलं आणि दोघांना घेऊन लांबच्या शहरात गेले. आधी पोलिसात जाऊन संरक्षणासाठी अर्ज दिला. कायद्याने जेवढे दिवस थांबावं लागतं तेवढे दिवस एका ओळखीच्या आचाऱ्याच्या घरी राहिले, मग लग्नाला साक्षीदार म्हणून सही केली. आणि ते झाल्यावर हा माणूस एकटा परत गावी गेला.

"कशाला गेलात परत?" मला राहवलं नाही. "तिथूनच विमान पकडायचं."

"भावाला तोंडाने सांगायला नको? त्याने विचारलं, माझी मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, जिवंत आहे. तो आत निघून गेला. दुसऱ्यांनी मारलं मला. त्याने नाही मारलं." त्यांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला. "त्यानंतर गावात पाऊल टाकलं नाही. सुट्टीत बायकोच्या माहेरी जातो."

मग मी माझ्या धाकट्या बहिणीची गोष्ट त्यांना सांगितली. आमच्यात जात मानत नाहीत असं आम्ही सगळ्यांना सांगतो. पण तिने मासेमारी करणाऱ्या मोहल्ल्यातला मुलगा पसंत केला तेव्हा अब्बांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पहिला नातू झाल्यावर बोलायला लागले. आमच्याकडे अबोल्यावर भागलं.

मास्टर लक्ष देऊन ऐकत होते. म्हणाले, "तुमचे अब्बा चांगले. माझा भाऊ पण चांगला आहे, भाय. त्या मुलीला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरायचा तो. त्या पिक्चरमधला बाप राक्षस दाखवला असता तर मी उठून गेलो असतो. तसा नाही दाखवला. खरं केलंय त्यांनी."

परतीच्या वाटेवर उम्म सलाल मोहम्मदच्या पुढे रस्ता मोकळा झाला. ते खिडकीला डोकं टेकून झोपले. मी गाडी चालवत होतो आणि तो बसस्टँड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. घरच्या सगळ्यांनी मिळून एक काम सोपवलं, आपल्याला फक्त घेऊन यायचंय, बाकी कुणी काही विचारणार नाही. अशा वेळी हात पुढे करून मुलीला पायरीवरून खाली उतरवणं माझ्याच्याने झालं असतं का?

पुढे मिस्त्री काम संपल्यावर किचनमध्ये जाऊन बसायला लागला. मास्टर त्याला काही करू देत नसत. दोघं तमिळमध्ये गप्पा मारायचे आणि क्वचित हसण्याचा आवाज यायचा. फोरमनच्या माणसांपैकी जे त्या दिवशी बसून राहिले होते, त्यांतला एक जण जेवण वाढून घेताना मास्टरांना 'अण्णा', म्हणजे थोरला भाऊ, म्हणायला लागला. फोरमनने मात्र बदली मागितली आणि तो उम्म सलालच्या कॅम्पला गेला. निघताना माझ्याशी हात मिळवला. मास्टरांना भेटला नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तोच फोरमन आमच्या गेटवर टॅक्सीतून उतरला. मला सलाम केला आणि थेट किचनच्या दारात जाऊन उभा राहिला. मास्टर भाजी चिरत होते.

"अण्णा," तो म्हणाला, आणि पुढचं तमिळमध्ये. मास्टरांनी सुरी खाली ठेवली. फोरमनने मग माझ्याकडे वळून हिंदीत सांगितलं, "यांचे मोठे भाऊ गेले. वहिनींनी निरोप दिलाय. बॉडी ठेवलीय. अग्नी यांनीच द्यायचा म्हणाल्या."

मास्टरांच्या भावाच्या घरी कुणाकडे त्यांचा नंबर नव्हता. वहिनींनी फोरमनच्या गावी माणूस पाठवून हा निरोप दिला होता. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोरमन एवढ्या लांबून स्वतः आला, आणि मी तिकिटाच्या मागे धावत होतो तोवर त्याने मास्टरांची बॅग भरून दिली. विमानतळावरही तोच सोबत गेला. दोघं गाडीत काय बोलले ते मी विचारलं नाही.

दोन-तीन दिवसांनी मास्टरांचा फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. अग्नी दिला, म्हणाले. पुतणीलाही वहिनींनीच बोलावून घेतलं होतं. ती दारात आली तेव्हा भाऊबंदांतले दोघं आडवे झाले. वहिनी आतून उठून आल्या, मुलीचा हात धरला आणि तिला बापाजवळ नेऊन बसवलं.

"आणि जावई?" मी विचारलं.

"तो हायवेवर आहे. चहाच्या टपरीवर बसलाय, मुलाला घेऊन. गावात नको येऊ म्हणाले त्याला." मग म्हणाले, "मी पण इथेच येऊन बसलोय त्याच्याबरोबर. घरी पाहुणे आहेत, पण मी इथेच बसतो. येणारा-जाणारा बघतो आम्हाला. बघू दे."

"अजून किती दिवस आहात?"

"सगळे दिवस-कार्य होईपर्यंत. रोज येऊन बसणार इथे. आज गावातली दोन म्हातारी माणसं आली, त्याच्या मुलाला बिस्किट दिलं आणि गेली."

मी म्हटलं, इन्शाल्ला, बाकीचेही येतील. ते म्हणाले, "येतील, नाही येतील. पण शेवटच्या दिवशी मी याला घरात घेऊन जाणार आहे, भाय. मागच्या दाराने नाही."

तसं त्यांनी केलं. ओसरीवर बसलेले काही जण उठून गेले, काही बसून राहिले, आणि वहिनींनी जावयाला आणि नातवाला पानावर बसवून जेवायला वाढलं. सुट्टी संपवून मास्टर परत आले तेव्हा ही हकिगत त्यांनी मला भात वेळता वेळता दोन वाक्यांत सांगितली. बाकीचं सगळं मी फोरमनकडून ऐकलं, त्याला ते गावाकडून कळलं होतं. तो आता अधूनमधून शुक्रवारी येतो आणि किचनमध्ये बसून जेवतो.